ठिपक्याचा पेला

बरकतपुरा, हैदराबाद
३ ऑगस्ट २०२४

आक्का,

जयभीम.

फोन करू नका म्हणून रूपालीने तुला सांगितलं आणि तू फुगून बसलीस, असं कळलं. भावजयीवर राग धरू नकोस. तिचा दोष नाही, माझ्या कानांचा आहे. डाव्या कानात चोवीस तास कुकरची शिट्टी चालू असते आणि उजव्याने तर दुकानच बंद केलंय. सलाइनमधून जे औषध दिलं त्याची ही मेहेरबानी. तू फोनवर काय विचारतेस ते मला कळत नाही, मी काहीतरी ठोकून देतो, आणि मग तू रडतेस. ते रडणं मात्र नेमकं ऐकू येतं. म्हणून आता पत्रं. तीस वर्षं अंगणवाडीची रजिस्टरं लिहिलीस, भावाला चार ओळी लिहायला तुला जड जाणार नाही.

गाठ गेली. जूनच्या तपासणीत काही दिसलं नाही. नाकाच्या मागे, घशाच्या वर, जिथे माणसाला काही जागा असते हेच मला अठ्ठावन्न वर्षं माहीत नव्हतं, तिथे ती बसली होती. पस्तीस दिवस तोंडावर जाळीचा मुखवटा चढवून टेबलाला घट्ट अडकवायचे आणि किरणं सोडायचे. मार्चमध्ये ते संपलं. आम्ही पेढे वाटले. मला वाटलं सुटलो. पण भाडेकरू जाताना घरातलं सामान घेऊन गेला, आक्का. थुंकी नेली, चव नेली, ऐकणं नेलं, सतरा किलो वजन नेलं. पाणी घाईने प्यालो तर नाकातून बाहेर येतं. आवाज नाकात गेलाय. आणि आता जबडा आखडतोय.

जबड्यावर उपाय म्हणजे आइस्क्रीमच्या लाकडी काड्या. बेगम बाजारातून गठ्ठाच आणलाय. काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, सवय झाली की मध्ये आणखी एक सरकवायची. दवाखान्यातली व्यायाम शिकवणारी पोरगी तेलुगूत म्हणते, "नोरु तेरवंडी सार," म्हणजे तोंड उघडा. मी म्हणतो, बाई, तोंड उघडण्याबद्दल आजवर सगळ्यांनी मला शिव्याच दिल्या, तू पहिली विनवणी करणारी. दहा काड्यांपासून सुरुवात केली, आता तेरावर आहे. सतराला पोचलो की घास नीट घेता येतो म्हणे.

विहारातली रविवारची वंदना सध्या दुसरा एकजण घेतो. मीच म्हटलं, नव्या लोकांना संधी मिळू दे.

आता मुद्द्याचं. दीक्षाचं जमलं, मुलगा इथलाच, गौलीगुड्याचा, हे कळलं. आक्का, या शहरात मराठवाड्यातून आलेल्या आपल्या लोकांची एकशेबारा लग्नं मी लावली. दीक्षाच्या आईबापाचंही मीच लावलं. तुझ्या नातीला त्रिशरण, पंचशील मीच देणार. हे विचारत नाही, कळवतोय.

तुझा
धम्मानंद


देगलूर
१६ ऑगस्ट २०२४

धम्मा,

जयभीम.

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. भाडेकरूचं वाचून आधी हसले आणि मग पदर डोळ्याला लावला. तू लहानपणीही असाच, गुडघा फुटला की रक्ताकडे बघून चेष्टा करायचास आणि आई मात्र घाबरून बसायची.

तू इकडे ये. सप्टेंबरात आठ दिवस ये. रूपालीला सुट्टी मिळत नसेल तर तुझा प्रज्ञेश बसमध्ये बसवून देईल, इकडे बसस्टँडवर मी उभी राहते. घरात गाय आहे, ताक आहे, मऊ भात आहे. सतरा किलो काय, पाच तरी परत आणू.

दीक्षा रोज विचारते, मामाआजोबा कधी येणार. तिची तारीख ठरली, ९ फेब्रुवारी, रविवार. हॉल तिकडेच काचीगुड्याला, मुलाकडच्यांनी बघितलाय. मुलगा उदय, चांगला आहे, बोलतो कमी. त्याचे वडील नाहीत, चुलते शशिकांतराव सगळं बघतात. बँकेतून मोठे साहेब म्हणून निवृत्त झालेत.

बाकी लग्नाचं तू आल्यावर बोलू.

तुझी
आक्का


बरकतपुरा
२५ सप्टेंबर २०२४

पार्वतीबाई,

आठ दिवसांसाठी आलो आणि चौथ्या दिवशी निघालो. कामाचं निमित्त सांगितलं. काम काही नव्हतं, तुलाही ते ठाऊक असेल.

तुमच्या मोरीच्या खिडकीत एक पेला पालथा घातलेला असतो. त्याच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे. माझं ताट, माझी वाटी, माझा तांब्याही तसाच, ठिपक्याचा. तुम्ही सगळे जेवलात की घरची भांडी एकत्र घासली जातात आणि माझी वेगळी, गरम पाण्याने, तुझ्या स्वतःच्या हाताने. तिसऱ्या दिवशी तुझ्या नातवाने त्या पेल्याला हात लावला तर तू त्याच्या हातावर चापट मारलीस. मला ऐकू येत नाही, पण दिसतं.

आपल्या बापाला, भिवाजीला, देगलूरच्या बसस्टँडवरच्या हॉटेलात चहा कशात मिळायचा, आठवतं का? बाहेरच्या कोनाड्यात कान तुटलेला कप असायचा. स्वतः उचलायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा, स्वतः धुऊन परत ठेवायचा. त्यांनी आपल्याला ते सांगितलं तेव्हा तूही समोर होतीस. ज्या घराने तो कप फोडला, त्याच घरात तू माझ्यासाठी नवा मांडलास. आणि कशाच्या भीतीने? हा आजार उष्ट्याने लागत नाही, हे आठवीतल्या पोराला कळतं.

मला दया नको, ताक नको, मऊ भातही नको. तुमच्या घरची भांडी बाटू नयेत म्हणून मी तुमच्या घरी येत नाही.

धम्मानंद


देगलूर
१० नोव्हेंबर २०२४

धम्मा,

दीड महिना मी लिहिलं नाही. पार्वतीबाई म्हणालास ना, म्हणून. जन्मात मला तू नावाने हाक मारली नव्हतीस. पत्र वाचून मी दोन दिवस जेवले नाही, मग ठरवलं की उत्तर द्यायचंच नाही. मग परवा दीक्षा म्हणाली, आजी, तू गप्प बसलीस तर त्यांना तेच खरं वाटेल. म्हणून लिहिते. राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगते.

तू यायच्या आदल्या दिवशी रूपालीचा फोन आला. म्हणाली, आक्का, त्यांच्या तोंडात अजून कातडी कोवळी आहे. तिखटाचा नुसता हात लागलेला चमचा तोंडात गेला तरी डोळ्यांतून पाणी काढतात, पण सांगत नाहीत. तुमच्याकडे सगळ्या भांड्यांना मिरची असते, काहीतरी करा, आणि मी सांगितलं हे त्यांना सांगू नका, त्यांना अपमान वाटतो. तू फोन घेत नाहीस, तुला हे कुठून कळणार.

आता तूच सांग. आपल्या घरात ठेचा ज्या तव्यावर होतो त्याच तव्यावर भाकरी होते. पेल्यांनासुद्धा तिखटाचे हात लागतात. मी बाजारातून नवी चार भांडी आणली, ज्यांनी आयुष्यात मिरची पाहिली नाही. ओळखता यावीत म्हणून दीक्षाने तिच्या बाटलीतला लाल ठिपका दिला. वेगळी घासली, कारण घरच्या घासणीला तिखट. नातवाला मारलं, कारण तो नुकता लोणचं खाऊन आला होता आणि बोटं चाटत होता. तुझ्या बापाचा कप मला आठवत नाही असं तुला वाटलं? मी तुझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी आहे. तू ते ऐकलंस. मी तो कप पाहिलाय.

आणि बरं का, चौदा काड्या झाल्या म्हणून तू इथे मिरवलंस. सकाळी तू ओसरीत काड्या दातांत धरून बसला होतास तेव्हा मी दारातून मोजल्या. बारा होत्या. तेरावरून मागे गेलास आणि चौदा सांगितलंस. विहारातलंही मला कळलंय. तू संधी दिली नाहीस, त्यांनीच तुला थांबवलं.

पण तुला रागवायला मला तोंड नाही, कारण मीही एक लपवलंय. ऑगस्टमध्येच शशिकांतरावांचा निरोप आला होता. लग्न लावायला दुसरं कुणी बघा म्हणाले. मुलाकडची मोठमोठी माणसं येणार, आजारी माणसाला उभं करू नका. मी हो म्हटलं, धम्मा. नांदेडच्या भगवंतराव गुरुजींना सांगूनही ठेवलंय. तुला सांगायला बोलावलं होतं आणि चार दिवस जीभ उचलली नाही. लोक तुला हसतील ही भीती वाटली मला. तुझ्या नाकातून पाणी आलं आणि कुणी हसलं, तर मला ते बघवणार नाही.

पेल्याबाबत तू चुकलास. याबाबत मी.

आक्का


बरकतपुरा
२८ नोव्हेंबर २०२४

आक्का,

आक्का. आक्का. आक्का. तीनदा लिहिलं, त्या एका पार्वतीबाईचं व्याजासकट परत.

माफी मागतो. रूपालीलाही फैलावर घेतलं, पण तिने मलाच धरलं. म्हणाली, तुम्ही दुखतंय असं एकदा तरी सरळ म्हणाला असता तर मला चोरून फोन करावा लागला नसता. काड्या बारा, हे खरं. दोन दिवस व्यायाम चुकला की जबडा परत मिटतो. विहाराचंही खरं. कमिटीची दोन माणसं घरी आली, फार गोड बोलली, फळं ठेवून गेली. मला फळं चावता येत नाहीत हे कुणाला सुचलं नाही.

पण हसतील म्हणून मी बसून राहू? हसू दे की. मी थुंकीशिवाय जगतोय, आक्का. रात्री चार वेळा उठून जिभेला पाणी लावतो, नाहीतर ती टाळूला चिकटते. रोज सकाळी मिठाच्या पाण्याने नाक धुतो आणि त्यातून जे निघतं ते तुला लिहीत नाही. मान वळत नाही, पूर्ण अंगाने वळावं लागतं. इतकं करून जो माणूस सकाळी दाढी करून इस्त्रीचा शर्ट घालतो, त्याला शशिकांतराव काय हसतील.

म्हणून गेल्या रविवारी मी गौलीगुड्याला त्यांच्या घरी गेलो. प्रज्ञेश सोबत होता. तो सारखा म्हणत होता, "पप्पा, नक्को ना, फालतू में झगडा होता." मी म्हटलं, तू फक्त मला ऐकू आलं नाही ते कागदावर लिहून दे. त्याला मराठी लिहायचं म्हणजे घाम फुटतो, पण बसला बिचारा वही घेऊन.

चहा आला. सगळ्यांना कपबशीत, मला कागदी कपात.

मी एकदा चुकलोय, म्हणून यावेळी आधी विचारलं. म्हटलं, "शशिकांतराव, मला कागदी कप का? माझ्या तोंडाला काही होऊ नये म्हणून, की तुमच्या?" ते गडबडले. प्रज्ञेशने त्यांचं उत्तर लिहून दिलं. वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं, "बोलतात की इन्फेक्शनचं सांगता येत नाही." मी कागदी कप खाली ठेवला आणि म्हटलं, मला कपबशीत द्या, आणि थंड करून द्या. त्यांच्या मिसेसने आणून दिला. पुढे म्हटलं, तुमच्या आजोबांना कोनाड्यातला कप माहीत असेल. त्यांनी मान खाली घातली, ते मला दिसलं.

मग मी तिथेच उभा राहिलो आणि त्रिशरण, पंचशील, लग्नाच्या प्रतिज्ञा, सगळं म्हणून दाखवलं. नऊ वेळा पाण्याचा घोट घेतला. एकदा पाणी नाकातून आलं, रुमालाने पुसलं, पुढे चाललो. वेळ लागतो तेवढा लागला. शेवटी म्हटलं, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, लग्नात मुलांना अडचण नको.

कुणी हसलं नाही. ते म्हणाले, विचार करतो. तूही कर.

धम्मा


देगलूर
१५ डिसेंबर २०२४

धम्मा,

मी विचार केलेला नाही. विचार करून मी एकदा हो म्हटलं होतं, त्याचं काय झालं ते बघितलंस. यावेळी मी नुसतं दीक्षाला विचारलं. ती म्हणाली, मामाआजोबा नसतील तर मी प्रतिज्ञा कुणाच्या मागे म्हणू? मग तिनेच उदयला फोन लावला. तो कमी बोलतो म्हणाले होते ना मी. एवढंच म्हणाला, "तेच लावतील, काकांना मी सांगतो."

शशिकांतराव तयार झालेत, पण एक अट घातलीय. भगवंतराव गुरुजी मंचावर शेजारी बसतील, तुला जमलं नाही तर पुढचं ते घेतील. मी मान्य केलं. तुझा संताप होईल हे माहीत आहे, पण लेकराचं लग्न मध्येच अडायला नको, हे तुलाही पटेल.

काड्या कर. खऱ्या आकड्यासकट कळव.

मी आदल्या दिवशी येते. पेला घेऊन येते.

आक्का


बरकतपुरा
२ जानेवारी २०२५

आक्का,

अट मान्य. भगवंतराव राखीव जागेवर बसू देत, आपल्या लोकांना राखीव शब्दाची लाज कधीपासून वाटायला लागली. पण ती जागा त्या दिवशी भरली जाणार नाही, एवढं त्यांना कळव.

काड्या तेरा. दाढेला कीड लागलीय. थुंकी नसली की दात असेच जातात म्हणे, आणि किरणं घेतलेल्या जबड्यातला दात सहजासहजी काढताही येत नाही, हाड बरं होत नाही. तेव्हा दुखतंय. बघ, सरळ लिहिलं.

रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन म्हणतो. स्वतःचा आवाज मला नीट ऐकू येत नाही, म्हणून हात छातीवर ठेवून म्हणतो, थरथर लागली की समजायचं निघतोय. खालच्या मजल्यावरची रेड्डींची सून परवा रूपालीला म्हणाली, अंकल आता पुष्कळ स्पष्ट म्हणतात. तिला शब्द कळत नाहीत, पण रोज ऐकते.

धम्मा


बरकतपुरा
१२ फेब्रुवारी २०२५

आक्का,

तू काल सुखरूप पोचलीस असं रूपालीने सांगितलं. घर रिकामं वाटतंय. लग्नात जे झालं ते तू तुझ्या बाजूने पाहिलंस. माझ्या बाजूचं तुला माहीत नाही, ते लिहितो. तोंडी सांगितलं असतं तर तू मध्येच रडली असतीस.

पहिलं त्रिशरण ठीक झालं. दुसरं झालं. तिसऱ्याला घसा बंद झाला. मंचावरची बाटली संपली होती आणि शेवटचा घोट नाकातून आला. ठसका लागला तो थांबेना. पुढच्या रांगेतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. शशिकांतरावांनी भगवंतरावांना खूण केली. ते सज्जन आहेत, उठायला तयार नव्हते, पण अर्धे उठले. दीक्षा हात जोडून माझ्याकडे बघत होती. तिच्यामागे उभ्या असलेल्या प्रज्ञेशचे ओठ हलत होते, पण मला काही ऐकू येत नव्हतं. त्या क्षणी मला वाटलं, संपलं. खरंच वाटलं. इतके दिवस मारलेल्या सगळ्या बढाया तिथे उघड्या पडल्या. मी भगवंतरावांकडे मान वळवत होतो, म्हणजे पूर्ण अंगाने वळत होतो. त्यांना पुढे या म्हणणार होतो.

तेवढ्यात तू मंच चढलीस. गुडघ्यावर हात ठेवून, एकेक पायरी. दुसऱ्या हातात ठिपक्याचा पेला. मला वाटलं, देशील आणि जाशील. पण तू हॉलकडे तोंड करून उभी राहिलीस आणि आधी स्वतः प्यालीस. वरून नाही, ओठ लावून. दोन घोट. शशिकांतरावांकडे बघत प्यालीस, हे मी पाहिलं. मग तोच पेला मला दिलास.

सगळ्यांनी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. शशिकांतरावांच्या मिसेस डोळे पुसत होत्या म्हणे. पण आक्का, एक गोष्ट तुला सुचली नाही. सकाळी हॉलवर नाश्त्याला मिर्ची बज्जी होती आणि तू तीन खाल्ल्या होत्यास. दीक्षा सांगत होती.

पेल्याच्या कडेला ओठ लागले आणि आग झाली. अशी आग, की डोळ्यांसमोर अंधारी आली. पाच महिने ज्या पेल्याला तू मिरची लागू दिली नाहीस, ज्याच्यासाठी नातवाला मारलंस, त्याला तू स्वतःच्या तोंडाने मिरची लावलीस. ठेवून देता आला असता. ठेवला नाही. सगळं पाणी प्यालो, कडेपासून बुडापर्यंत. डोळ्यांतून पाणी आलं ते लोकांना भावनेचं वाटलं, वाटू दे. थोडी भावनाही होती.

मग छातीवर हात ठेवला. तिसरं त्रिशरण पूर्ण केलं. पंचशील दिलं. प्रतिज्ञा दिल्या, दीक्षाने आणि उदयने माझ्या मागे शब्द न शब्द म्हटला. शेवटी लोकांनी तीनदा साधू म्हटलं ते मला ऐकू आलं नाही, पण पायाखालच्या फळ्या हलल्या, त्यावरून कळलं. भगवंतराव खुर्चीतच होते आणि सगळ्यांत मोठ्याने तेच म्हणत होते, असं प्रज्ञेशने नंतर लिहून दिलं. एकशेतेरावं लग्न.

दोन दिवस जीभ सोललेली होती. दवाखान्यातल्या पोरीने विचारलं, काय खाल्लंत सार? मी म्हटलं, बहिणीचं उष्टं.

तू शोधशील म्हणून सांगतो, पेला तुझ्या पिशवीत नाही. मी काढून घेतलाय. कालपासून तो घरातल्या बाकीच्या भांड्यांतच घासायला टाक असं रूपालीला सांगितलंय. ती भांडली, पण टाकला.

काड्या आज पंधरा. खऱ्या.

तुझा
धम्मा